बगळी, मुळासकट

लोकांच्या बालपणाला मोगऱ्याचा वास असतो, नाहीतर आजोळच्या सारवलेल्या अंगणाचा. माझ्या बालपणाला डांबरगोळ्यांचा आहे. आता हसू नका. हर्बेरियमचं, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाचं, लोखंडी कपाट उघडलं की तो वास असा अंगावर येतो की डोळे झोंबावेत, आणि त्याच्या मागोमाग, जरा दमाने, जुन्या कागदाचा, वाळक्या गवताचा आणि स्पिरिटचा वास येतो. त्या स्पिरिटात विष कालवलेलं असायचं, हे मला फार नंतर कळलं. वाळलेल्या झाडांना कीड लागू नये म्हणून. कपाटाच्या दारावर लाल रंगात तसं लिहिलेलंही होतं, पण इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी तेव्हा यथातथाच होतं.

या श्रावणात पुन्हा त्या कपाटासमोर उभी राहिले. बाबांना घेऊन गेले होते. बाबा वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. साताऱ्याकडून नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि इथलेच झाले. त्यांनी उभ्या आयुष्यात गोळा केलेली झाडं त्यांच्या कॉलेजच्या हर्बेरियममध्ये आहेत, आणि आता झाडं बसवलेल्या त्या एकेका कागदाचा फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवायचं काम चाललंय. ते काम बघणाऱ्या रम्याचा फोन आला, "सरांनी लिहिलेली लेबलं वाचता येत नाहीत, सर येऊ शकतील का?" सरांचं अक्षर सरांनाही वाचता येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. बाबा तर निरोप मिळाल्यापासून हवेत होते. त्या दिवशी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, चहासुद्धा न घेता दारात खुर्ची टाकून बसले. जणू त्यांचीच वरात निघायची होती.

बगळीचा गठ्ठा शेवटी निघाला. बगळी हे आमच्या घरातलं नाव. माळावर, गवतात उगवणारी आमरी, म्हणजे ऑर्किडच, पण झाडावर चढून बसणारं नव्हे, जमिनीतून वर येणारं. वर्षभर तिचा पत्ता नसतो. गौरी-गणपतीच्या आगेमागे एक हिरवी दांडी डोकं काढते आणि तिच्यावर पांढरी फुलं उमलतात, पंख पसरलेली. तिचं लांबलचक लॅटिन नाव बाबा संध्या केल्यासारखं म्हणायचे. आईला ते काही जमेना, म्हणून ती बगळी म्हणू लागली आणि घरात तेच राहिलं.

रम्या एकेक कागद टेबलावर मांडत गेली, जुन्यापासून नव्याकडे. पहिल्या पहिल्या कागदांवर तीन तीन, चार चार झाडं होती, आणि इतकी उंच की कागद पुरेना म्हणून दांड्या वाकवून बसवलेल्या. मग वीतभर उंचीची आली. मग एका कागदावर दोनच. मग एक. फुलं कमी, पानं बारीक. शेवटच्या कागदावर करंगळीएवढं एकच झाड होतं आणि त्याला एकच फूल. एवढ्या मोठ्या पांढऱ्या कागदाच्या मधोमध ते, मोठ्या माणसाच्या अंथरुणावर तान्हं मूल निजवावं तसं पडलं होतं.

"त्या वर्षी पाऊस कमी होता," बाबा म्हणाले.

त्याच्या आधीच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "त्याही वर्षी कमीच होता."

त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. रम्या मान खाली घालून लेबल वाचत होती. सगळे कागद असे ओळीने मांडलेले मी याआधी कधी पाहिले नव्हते. बाबांनीही नसतील. एकेक कागद त्या त्या वर्षी तयार झाला आणि कपाटात गेला, एवढंच.

"यानंतर हिची नोंद नाही, सर," रम्या हळूच म्हणाली. "बेंगळुरूतून नाहीशी झाली, असं लिहू का?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नोंद नाही म्हणजे झाड नाही, असं होत नसतं. इतक्यात लिहू नकोस." आणि घरी येताना सर्जापूर रोडच्या त्या अफाट ट्रॅफिकमध्ये, एरवी प्रत्येक सिग्नलला शिव्या घालणारा माणूस, बोटांवर वर्षं मोजत बसला.

मी लहान होते तेव्हा आम्ही कॉलेजच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. भाद्रपदातले रविवार बगळीचे. सकाळी बाबांचे सगळे विद्यार्थी आमच्या फाटकाशी जमायचे, आणि आई स्वयंपाकघरात चित्रान्नाला, म्हणजे लिंबाच्या भाताला, फोडणी देत असायची. मोहरी, शेंगदाणे, कढीपत्ता; अजूनही तो चुरचुर आवाज ऐकला की मला बूट घालावेसे वाटतात. आई इथल्या जुन्या मराठी घरातली. तिचे लोक कैक पिढ्यांपूर्वी आले ते इथेच मुरले. त्यामुळे तिची मराठी बाबांच्या मराठीपेक्षा मऊ, आणि मधे मधे कन्नडचे खडे. बस सुटायला लागली की ती लुगड्याचा ओचा धरून ओरडायची, "अण्णा, स्वल्प थांबा!" आणि कंडक्टर थांबायचाही. बाबा ओरडले असते तर बस गेलीच असती.

शहर संपायचं, मग नाचणीची शेतं लागायची, मग निलगिरीच्या रांगा. बस आम्हाला रस्त्यावर सोडून धूळ उडवत निघून जायची आणि एकदम शांत व्हायचं. तळ्याच्या कडेने वर चढलं की तांबड्या मातीचा माळ. वारा असा की बोललेलं उडून जाई. पायाखाली चुरडलेल्या गवताला लिंबासारखा वास यायचा. लांबून कुठून तरी तित्तिर ओरडायचा. पोरं सिनेमाची गाणी म्हणत चाललेली, पोरींच्या वेण्यांना आबोलीचे गजरे, आणि सगळ्यांच्या पुढे हॅट घातलेले बाबा. बाबांना बगळी सगळ्यांत आधी दिसायची. ते हात वर करायचे आणि गाणी बंद. सगळे गोल करून उभे राहायचे, देवळात आरतीला राहतात तसे. बाबा गुडघ्यावर बसून पानापासून फुलापर्यंत एकेक भाग दाखवायचे, आणि मग पिशवीतून खुरपं निघायचं.

"नुसतं फूल तोडणं ही नासधूस," ते म्हणायचे. "मुळासकट काढणं हा अभ्यास."

हा त्यांचा नियम. मूळ, पान, फूल, सगळं हवं, नाहीतर तो नमुना नव्हे. आणि नमुना उत्तम हवा. म्हणून सगळ्यांत उंच, सगळ्यांत भरघोस फुललेली बगळी कॉलेजच्या कपाटासाठी. तिच्या खालोखालच्या विद्यार्थ्यांसाठी, कारण प्रत्येकाला परीक्षेसाठी आपली स्वतःची हर्बेरियमची फाइल करावी लागे, आणि आमरी लावलेली असली की परीक्षक खूश. "सर, ही माझी!" "ए, मी आधी बघितली!" अशी झोंबाझोंबी चालायची. त्यात बेशिस्त काही नव्हतं. चोरून कोणी काही नेत नव्हतं. सगळं नियमाने, लेबलावर तारीख, जागा, माती, सोबतीची झाडं, सगळं लिहून. मला ते रविवार फार आवडायचे. अजून आवडतात. आठवले की जीव सुखावतो, आणि लगेच दचकतो.

घरी आल्यावर आईचं काम सुरू व्हायचं. झाडं वर्तमानपत्रांत घालून लाकडी प्रेसमध्ये दाबायची, आणि प्रेसचे पट्टे आवळताना वजन म्हणून बाबा मला वर बसवायचे. "बस गं घट्ट!" मी फ्रॉक सावरून राणीसारखी बसायची. हवा दमट, त्यामुळे कागद रोज बदलावे लागत. ओले कागद आई चक्क इस्त्रीने वाळवायची. त्या गरम, किंचित आंबूस कागदांवर बोट फिरवत मी कन्नड वाचायला शिकले. फुलांचे तपकिरी डाग पडलेल्या बातम्या. कुठे पूल कोसळला, कुठे धरण भरलं, कोण वारलं. आईच्या म्हणण्याप्रमाणे मला अक्षरओळखीआधी मृत्यूच्या बातम्या वाचता येत होत्या.

मग झाडं कॉलेजात जाऊन त्या विषाच्या स्पिरिटातून परत यायची, आणि आई ती जाड कागदावर शिवायची. हो, शिवायची. डिंकाने दांडी नीट धरत नाही, म्हणून बारीक सुईने, पांढऱ्या दोऱ्याने टाके घालायचे, गाठ मागच्या बाजूला. फुलाला सुई लागू द्यायची नाही. दुपारी रेडिओ लावून ती खिडकीशी बसायची, दोरा दाताने तोडायची. "हात धुतल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही हं," मला दटावायची, आणि स्वतः मात्र तशीच चहा ओतून घ्यायची. आज तिचा उजवा हात थरथरतो. कपबशी वाजते. वयाने, असं आम्ही म्हणतो, डॉक्टरही तसंच म्हणतात. बाबा मात्र कपबशी वाजली की हातातलं पुस्तक तोंडासमोर धरतात.

पुढे बगळी शोधायला वेळ लागू लागला. आधी तळ्याच्या पलीकडे जावं लागलं, मग टेकडीच्या मागे. मग एका वर्षी बाबांनी हात वर केलाच नाही. पोरं संध्याकाळपर्यंत गाणी म्हणत राहिली. त्यानंतर सहली दुसरीकडे जाऊ लागल्या, मी शिकले, नोकरीला लागले, क्वार्टर्स सुटल्या. आणि नशिबाची गंमत बघा, मी फ्लॅट घेतला तो त्याच माळावर. आमच्या सोसायटीच्या नावात इंग्रजी कुरण आहे. कुरण उरलंय ते तेवढ्या नावातच. आई-बाबा माझ्याकडे राहायला आले तेव्हा बाबा बाल्कनीतून कितीतरी वेळ खाली बघत होते. म्हणाले, "ते तळं ओळखू येतंय गं."

हर्बेरियममधून आल्यावर आठवडाभराने मी सकाळी चालायला म्हणून सोसायटीच्या मागच्या बाजूला गेले. तिथे भिंत आणि तळं यांच्या मधे माळाचा एक तुकडा अजून उरलाय. त्यात लाल रंग फासलेले मोजणीचे दगड रोवलेत, आणि एक जेसीबी हात वर करून कधीपासून तसाच उभा आहे. त्याच्या चाकांवर वेल चढलाय. मी कुंपणाच्या पत्र्याच्या फटीतून आत शिरले, का ते देव जाणे. गवतात पांढरं काही दिसलं, मला वाटलं प्लास्टिकची पिशवी. जवळ गेले आणि मटकन खालीच बसले. बगळी! एकटी. चांगली वीतभर उंच, फुलांनी लवलेली, वाऱ्यावर हलणारी. "अगं बाई," मी मोठ्याने म्हणाले, "तू आहेस होय!" सगळा तुकडा पालथा घातला. दुसरी नव्हती.

पळत घरी आले आणि आईला सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला की बस. आणि पुढच्याच क्षणी तिने माझं मनगट धरलं.

"बाबांना सांगू नकोस."

पण आनंदाच्या भरात मी वाटेतच रम्याला फोटो पाठवला होता, आणि त्या गुणी मुलीने लगेच सरांना फोन लावला. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "काय सांगतेस! कुठे?" आई माझ्याकडे बघत राहिली. थरथरणारा हात तिने पदरात लपेटून घेतला.

त्या दिवसापासून घराला काहीतरी झालं. बाबांनी माळ्यावरून प्रेस काढवून घेतला, पट्ट्यांना तेल लावलं. आमच्याकडे पेपर आता फोनवरच, म्हणून शेजाऱ्यांकडून रद्दी मागून आणली. ती इस्त्री करायला स्वतः उभे राहिले, ज्या माणसाने जन्मात स्वतःचा शर्ट इस्त्री केला नाही. बाजारातून नवं खुरपं आलं. ते त्यांनी बाल्कनीत बसून दगडावर घासलं. तो घासण्याचा आवाज स्वयंपाकघरात येत होता आणि आई एकच भांडं पुन्हा पुन्हा विसळत होती.

"बाबा, रम्या म्हणते फोटो आणि जागा कळवली तरी चालतं हल्ली," मी म्हटलं.

"फोटो म्हणजे नोंद नव्हे," बाबा म्हणाले. "फोटो कोणीही कुठलाही दाखवील. कपाटात झाड असलं की उद्या कोणीही येऊन तपासू शकतं. नाहीतर ती पोरगी लिहून मोकळी होईल, नाहीशी झाली म्हणून. एकदा तसं छापलं की झालंच मग. मला बगळीला तसं जाऊ द्यायचं नाही."

"अहो, पण एकच तर आहे," आई म्हणाली. "असू दे ना तिथे. यंदा बघू, पुढच्या वर्षी परत बघू."

"पुढच्या वर्षी तिथे खोदलेलं असेल."

"गेली दोन वर्षं तो जेसीबी नुसता उभा आहे!"

बाबा खुरप्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग आई एकदम शांत आवाजात म्हणाली, "मी शिवणार नाही हं. आधीच सांगते."

"तुझा हात आता..." बाबा बोलता बोलता थांबले.

"हात चालला असता तरी शिवलं नसतं."

एवढ्या वर्षांच्या संसारात आईने त्यांना असं तोंडावर सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बाबा उठून आत गेले. मला वाटलं, राग आला, आता विषय संपला. पण रविवारी सकाळी ते हॅट घालून दारात उभे होते, खांद्याला पिशवी. "तू येणार नसशील तर मी एकटा जातो. पत्र्याची फट मला माहितीये." आता या वयाच्या माणसाला पत्र्याच्या फटीतून एकटं पाठवायचं? गेले मी. शिवाय मनात एक वेडी आशा होती. इतक्या वर्षांनी जिवंत, वाऱ्यावर हलणारी बगळी बघतील आणि विरघळतील.

आभाळ खाली आलं होतं. तळ्याचं पाणी हललं तरी आवाज नव्हता. पलीकडच्या बांधकामावरचा वॉचमन ओरडला, "अंकल, उधर साँप है!" बाबांनी त्याला हात केला आणि थेट बगळीपाशी गेले. मी जागा दाखवलीही नव्हती. गुडघ्यावर बसले. हॅट काढून बाजूला ठेवली. मग अगदी वाकून फुलाजवळ नाक नेलं.

"हिला अंधार पडला की वास येतो," ते म्हणाले. "मी कधी थांबलोच नाही इथे तेवढा वेळ." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. मलाही रडू फुटलं. सुटलो, मी मनात म्हटलं, सुटली बिचारी. आईला फोन करायला म्हणून मी पाठ वळवली, आणि तेवढ्यात खुरपं मातीत गेलं.

"बाबा, नको!" मी त्यांचा हात धरला. त्यांनी वर बघितलं, वर्गात एखाद्याला साधी गोष्ट कळत नसली की बघायचे तसं, ममतेने. माझा हात सोडवून बाजूला ठेवला. चारी बाजूंनी माती कापली, बोटं खाली घालून अलगद उचललं. हात जराही कापला नाही. माती झटकून त्यांनी बगळी माझ्यासमोर धरली. चेहरा लख्ख. इतके आनंदी बाबा मी क्वार्टर्स सुटल्यापासून पाहिले नव्हते.

"बघ, दोन कंद असतात हिला. हा सुरकुतलेला दिसतोय ना, तो यंदाचा. याने स्वतःजवळचं सगळं फुलाला देऊन टाकलं. आणि हा टपोरा, हा नवा. किती भरलाय बघ! हा पुढच्या वर्षीचा."

मी तो कंद बोटाने चाचपला. गार होता, आणि घट्ट.

"म्हणजे पुढच्या वर्षी ती आली असती?"

"नक्की," बाबा म्हणाले, त्यांच्या त्या ठाम आवाजात. "याच जागी."

मग त्यांचं लक्ष खाली त्या खड्ड्याकडे गेलं. बगळी त्यांच्या हातात होती, फुलं अजून ताजी. जुन्या सवयीने मी पिशवीतला पेपर उघडून पुढे धरला होता, पण ते तिला त्यात ठेवत नव्हते. वॉचमन पुन्हा काहीतरी ओरडला.

"परत लावू या, बाबा," मी म्हटलं. "लगेच लावू. आत्ताच तर काढलीय. मी पाणी आणते."

त्यांनी मान हलवली.

"लागत नाही गं ही. इथल्या मातीशी तिचं काही नाजूक असतं, ते एकदा तुटलं की परत नाही जुळत." आणि मग, जणू मला नव्हे, दुसऱ्याच कोणाला उत्तर देत असल्यासारखे म्हणाले, "हे तर मी दरवर्षी मुलांना सांगायचो."